रंगविलेली नाव

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या लोकांचीं बहुधा दोनच मतें आढळतात. एक असें कीं, ती फेंकून द्यावी; दुसरें असें कीं, तिला रंग द्यावा. वस्तु उघडून पाहावी, तींत सडलें काय आणि टिकलें काय याचा निवाडा करावा, आणि जें सडलें तेवढेंच काढून टिकलेल्याशीं नवें इमानानें जोडावें, हें तिसरें मत सभांतून फारसें ऐकूं येत नाहीं आणि व्यवहारांत तर त्याहूनहि क्वचित् दिसतें. हें मी कोणत्या अधिकारानें बोलतों, असें वाचक विचारतील. अधिकार एवढाच कीं, गेलीं दोन वर्षें प्रस्तुत लेखकानें एका जुन्या फायबरच्या मासेमारी होडीच्या दुरुस्तींत घालविलीं आहेत. असलें काम त्यानें पूर्वीं कधींहि केलेलें नव्हतें. आणि या दोन वर्षांत वरील दोन्ही मतांच्या पुरस्कर्त्यांनीं त्याला जो उपदेश केला, त्यास उत्तर देणें आतां त्याला कर्तव्य वाटतें. हा वाद एका होडीपुरता असता तर मासिकाचीं पानें मीं अडविलीं नसतीं. तो एका होडीपुरता नाहीं, हें पुढें दिसून येईल.

माझें गांव मलकापूर. कऱ्हाडास अगदीं लागून असलेलें, आगाशिवाच्या डोंगराजवळचें. चोवीस तास नळाचें पाणी देणारें गांव म्हणून त्याचें नांव दूरवर गेलें आहे. येथल्या माणसास पाणी म्हटलें म्हणजे नळ आठवतो. होडी आठवत नाहीं. परंतु थोड्याच अंतरावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींस मिळतात. आणि तेथून खालीं सांगलीपर्यंत नदीकांठच्या गांवांना २००५, २०१९ व २०२१ या तीन सालच्या पुरांनीं जें शिकविलें, तें नळ शिकवूं शकत नाहीं. या पुरांपैकीं शेवटच्या पुरानंतर आपल्या हातीं एखादी होडी असावी असें माझ्या मनानें घेतलें. पंचवीस वर्षें हातांत खडू धरलेल्या माणसाच्या मनानें असें कां घ्यावें, हा प्रश्न माझ्या घरांत पुष्कळदां निघाला आहे, आणि त्याचें समाधानकारक उत्तर मला अद्याप देतां आलेलें नाहीं. असो. कोंकणांतील एका खाडीवरून अठरा फूट लांबीची, इंजिन काढून घेतलेली जुनी होडी मीं विकत घेतली आणि मालमोटारींत घालून कुंभार्ली घाटानें वर आणली. विकणारानें ती नुकतीच रंगविली होती. कांठ निळा, पोट पांढरें, नाळेवर पिवळा पट्टा. ती इतकी सुरेख दिसत होती कीं, तिच्या पोटांत काय आहे हें मीं विचारलेंच नाहीं. तेव्हां या लेखांतील पहिला अपराधी प्रस्तुत लेखकच होय, हें आरंभींच कबूल करून टाकतों.

प्रथम फेंकून देणारांचा पक्ष पाहूं. होडी अंगणांत उतरली त्याच दिवशीं माझे एक विद्वान् स्नेही ती पाहावयास आले. त्यांनीं तिच्या भोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अहो, फायबर म्हणजे शेवटीं प्लॅस्टिक. प्लॅस्टिक जुनें झालें कीं टाकून द्यावें. लांकडाची नाव असती तर जीर्णोद्धार शोभला असता." या तीन वाक्यांत तीन चुका आहेत, आणि त्या माझ्या स्नेह्यांच्या एकट्याच्या नाहींत म्हणूनच त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिली चूक पदार्थाविषयींची. होडीचें फायबर म्हणजे नुसतें प्लॅस्टिक नव्हे. तें कांचेच्या बारीक तंतूंचें कापड किंवा जाड चटई असून ती कृत्रिम राळेंत भिजवून थरावर थर बसविलेली असते. ओढ सहन करण्याचें काम कांच करते. तंतूंना जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम राळ करते. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हे तंतु कारखान्यांतून निघूं लागले, आणि १९४२ च्या सुमारास तेथील रे ग्रीन नांवाच्या नौकाकारानें पॉलिएस्टर राळ व कांच यांची लहान होडी तयार केली. तेव्हांपासून जगांतील लहान नौकांचा व्यवसाय हळूहळू याच पदार्थाकडे वळला. आपल्या देशांतहि कोचीनला १९५७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें मासेमारी नौकांसाठीं या पदार्थाचा अभ्यास केला आहे. ज्याला लांकडासारखी कीड लागत नाहीं, लोखंडासारखा गंज चढत नाहीं, त्याला केवळ वय झालें म्हणून मोडींत काढणें हा न्याय नव्हे. वीस-तीस वर्षांच्या होडीचें कांचेचें कवच पुष्कळदां शाबूत असतें. सडतें तें तिच्या आंत बसविलेलें लांकूड.

दुसरी चूक "टाकून द्यावें" या शब्दांत आहे. टाकावें, पण कोठें? ही राळ एकदां घट्ट झाली म्हणजे पुन्हां वितळत नाहीं. जुन्या बादलीप्रमाणें ती वितळवून नवी वस्तु ओततां येत नाहीं. जाळली तर विषारी धूर निघतो, आणि धूर विरल्यावर कांच उरते ती उरतेच. फ्रान्ससारख्या देशाला जुन्या विलासनौकांची विल्हेवाट हा इतका मोठा प्रश्न वाटला कीं, २०१९ पासून तेथें नव्या नौकांवर पट्टी बसवून त्या पैशांतून जुन्या नौका मोडण्याची व्यवस्था करावी लागली. आपल्याकडे अशी व्यवस्था कोठें आहे? आपल्याकडे "टाकणें" याचा अर्थ ओढ्यांत ढकलणें असा आहे. पहिल्याच पुराला ती वस्तु पुलाच्या कमानींत जाऊन अडकते, आणि मग आपण दैवास दोष देतों.

तिसरी चूक लांकडाच्या प्रतिष्ठेची. लांकडी नावेचा जीर्णोद्धार शोभतो आणि फायबरच्या होडीचा शोभत नाहीं, याला आधार काय? कोंकणचा कोळी आपल्या लांकडी होडीची सडलेली फळी काढतो, नवी बसवितो, फटी बुजवितो, तळाला तेल-राळ देतो; हें तो वर्षानुवर्षें करतो, आणि त्याला कोणी हौशी म्हणून हंसत नाहीं. मग तोच विवेक नव्या पदार्थाला लावला तर तो हास्यास्पद कां व्हावा? जुन्या वस्तूवर आपलें प्रेम असतें असें आपण म्हणतों. परंतु पुष्कळदां तें प्रेम वस्तूवर नसून तिच्या जुनेपणाच्या शोभेवर असतें.

न्यायासाठीं एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. जिचे थर जागोजाग एकमेकांपासून सुटले आहेत, जिचा कणा मोडला आहे, जिचें कवच दाबलें असतां पत्र्यासारखें आंत जातें, अशी होडी वांचविण्याचा आग्रह मीहि धरणार नाहीं. परंतु तसा निकाल देण्यापूर्वीं तिला उघडून पाहिली पाहिजे. न पाहतां दिलेला निकाल हा निकालच नव्हे. आणि येथेंच आपण दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे रंगवाल्यांकडे, येऊन पोंचतों.

रंगवाल्यांचा पक्ष संख्येनें फार मोठा आहे. माझ्या होडीला कोंकणांत रंग देणारा त्याच पक्षाचा. महामार्गाकडेला मोटारींचे पत्रे सरळ करणारे एक दुकानदारहि त्याच पक्षाचे; ते मला म्हणाले, "दोन डबे लांबी भरा, वरून दोन हात रंग मारा, दिवाळीपर्यंत पाण्यांत." मोटारीच्या दाराला पडलेला खळगा लांबीनें भरून काढणें यांत गैर कांहीं नाहीं, दाराचें काम मोटारीला तरंगत ठेवण्याचें नसतें. होडीचें कवच मात्र भार पेलतें. लांबींत तंतु नाहींत. ती भेग झांकते, जोडत नाहीं. पहिल्या लाटेच्या तडाख्यानें कवच लवलें कीं लांबी न लवतां तडकते, आणि तडकते ती आंतल्या बाजूनें, जेथें रंगामुळें डोळा पोंचत नाहीं.

मला या पक्षांतून बाहेर काढलें तें कऱ्हाडच्या एका वृद्ध भोयानें. त्याचें उभें आयुष्य नदीवर गेलें. फायबर त्यानें उतारवयांत पाहिलें. मीं त्याला रंग कोणता द्यावा हें विचारण्यासाठीं आणलें होतें. त्यानें रंगाकडे पाहिलेंच नाहीं. खिशांतून एक रुपयाचें नाणें काढलें आणि नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बोटा-बोटाच्या अंतरावर तें ठोकीत गेला. पुढें आवाज खणखणीत येत होता. मागें, इंजिन बसतें त्या फळीजवळ, तो एकाएकीं बसका झाला. ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. "गुरुजी," तो म्हणाला, "हितं हिच्या पोटात पाणी हाय. रंग काय, रंग प्रेताला बी लावत्यात."

मीं त्या ठिकाणीं खालच्या बाजूस एक बारीक भोंक पाडलें. त्यांतून तांबूस पाणी ठिबकूं लागलें तें दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत थांबलें नाहीं. पुढच्या आठवड्यांत आंतील बाजूचें कवच कापून काढलें. आंत एकमेकांवर चिकटविलेल्या प्लायवुडच्या दोन फळ्या होत्या, किंवा कधीं काळीं होत्या. आतां त्यांच्या जागीं चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा होता, तो मीं हातानें उपसला. कारण शोधण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. इंजिनाच्या बोल्टांसाठीं पाडलेल्या भोंकांच्या कडा राळेनें बंद केलेल्या नव्हत्या. त्या वाटेनें वर्षानुवर्षें पाणी आंत जात होतें. याच फळीवर उद्यां शंभर किलोंच्या आसपासचें इंजिन टांगून, पाठीमागें जोर देऊन, भर प्रवाहांत होडी चालवावयाची होती! आणि तिच्यावर, तळहाताएवढ्या एका भेगेवर, विकणारानें लांबी भरून निळा रंग दिला होता. त्याला भेग दिसली नव्हती असें म्हणतां येत नाहीं. दिसली होती म्हणूनच लांबी भरली.

रंगाविरुद्ध माझी मुख्य तक्रार ही आहे. रंग हा नुसता निरुपयोगी असता तर मी गप्प बसलों असतों. तो साक्षीदार नाहींसा करतो. फायबरची होडी आपलें दुखणें पृष्ठभागावर लिहून ठेवीत असते. चांदणीसारख्या फुटलेल्या बारीक भेगा दिसल्या तर तेथें केव्हां तरी आघात झाला, किंवा तेथील कवच वाजवीपेक्षां अधिक लवतें, असें समजावें. पाण्याखालच्या भागावर फोड आले तर राळेच्या थरांत पाणी मुरलें आहे असें समजावें. बोल्टाखालून तपकिरी ओघळ आला तर आंतील लांकूड कुजतें आहे हें उघड आहे. हीं चिन्हें वाचावयास तज्ज्ञ लागत नाहीं. दोन डोळे, एक नाणें आणि थोडी चिकाटी एवढें पुरतें. रंगाचा एक हात दिला कीं हा सारा लेख पुसला जातो. रोगी बरा होत नाहीं. वैद्य मात्र आंधळा होतो.

आणि ही खोड होडीपुरती नाहीं. आपल्या गांवोगांवच्या काळ्या पाषाणाच्या देवळांची काय गत झाली आहे, हें ज्यानें पाहिलें नसेल त्यानें पाहावें. खांबावरच्या कोरीव कामांत गुलाबी आणि पिवळा तैलरंग थापलेला. भिंतीला तडा कोठें गेला हें पुजाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं. आणि याला आपण भक्तिभावानें जीर्णोद्धार म्हणतों. जीर्णाचा उद्धार करावयाचा तर जीर्ण कोणतें हें आधीं दिसलें पाहिजे.

आतां तिसरा आक्षेप. तो आमच्याच बाजूच्या शहाण्या माणसांकडून येतो, म्हणून तो अधिक गंभीर. ते म्हणतात, "उघडून दुरुस्त करावें हें मान्य, परंतु तें कारागिराचें काम. खडू धरणाऱ्या माणसानें ग्राइंडर धरूं नये. अर्धवट ज्ञानाच्या दुरुस्तीपेक्षां रंग काय वाईट?" या आक्षेपांत सत्य आहे, आणि तें मीं स्वतःच्या खर्चानें सिद्ध केलें आहे. पहिल्या वर्षीं श्रावणांत, पत्र्याच्या छपराखालीं, बाहेर पावसाची झड लागलेली असतां, मीं मागच्या फळीवर कांचेचे पहिले थर बसविले. राळ घट्ट होण्यासाठीं तींत हार्डनर घालतात. त्याचें प्रमाण राळेच्या वजनाच्या शेंकडा एक ते दोन. मीं कांटा न वापरतां डोळ्यानें अंदाज केला. पहिलें भांडें घट्ट होईना म्हणून दुसऱ्यांत अधिक घातलें. तें हातांतच तापून धुरकटलें आणि दगड झालें. पहिला थर आठ दिवसांनींहि चिकट राहिला. शेवटीं खिळ्याच्या टोकानें कडा उचलून पाहिली, तों सबंध थर पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. त्याच्या पाठीला निळा रंग लागलेला होता! मागचा रंग मीं पुरता खरवडलाच नव्हता. माझी नवी राळ कांचेला न चिकटतां रंगाला चिकटली होती. रंगवाल्यांवर टीका करणाऱ्या माणसाची दुरुस्ती रंगावरच उभी होती, हा विनोद माझ्या शत्रूलाहि सुचला नसता.

परंतु यावरून निष्कर्ष कोणता काढावयाचा? नवख्यानें हात लावूं नये, हा नव्हे. नवख्यानें आपलें काम उपटून पाहण्याची तयारी ठेवावी, हा. मीं तो थर उपटला म्हणून मला चूक कळली. वर रंग दिला असता तर ती नदीला कळली असती. मोटारींचे बंपर जोडणाऱ्या एका तरुण कारागिरानें मला पुढें हें काम शिकविलें, आणि त्याचें सार थोडक्यांत असें: भेगेच्या दोन्ही बाजूंचें जुनें कवच उतरतें घांसून घ्यावें, आणि ही उतरण कवचाच्या जाडीच्या बारापट लांब असावी, म्हणजे पांच मिलिमीटर जाडीला साठ मिलिमीटर. घांसतां घांसतां रंग, जेलकोट आणि चिकटपणा सर्व जाऊन कांचेचे तंतु उघडे पडले पाहिजेत. राळ व हार्डनर तोलून घ्यावींत. दमट हवेंत आणि थंडीच्या पहाटे काम करूं नये. प्रत्येक थरांतील हवेचे बुडबुडे रुळानें दाबून काढावेत, कारण बुडबुडा म्हणजे उद्यांची फट. आंतल्या फळीसाठीं आय. एस. ७१० या मानकाचें, सागरी वापराचें प्लायवुडच घ्यावें, आणि त्याला पाडलेल्या प्रत्येक भोंकाची कड राळेनें बंद करावी. आणि सर्वांत आधीं स्वतःस जपावें: कांचेची धूळ छातींत जाऊं देऊं नये, हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाऊं शकते, आणि कोबाल्टचा द्राव व हार्डनर एकमेकांत सरळ कधींहि मिसळूं नयेत, तसें केल्यास स्फोट होतो. यांत गूढ असें कांहीं नाहीं. यांत कंटाळा मात्र पुष्कळ आहे, आणि रंगाची खरी मोहिनी त्या कंटाळ्यांतून सुटका हीच आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "तुमची होडी, तुमचें अंगण, आम्हांस त्याचें काय?" त्यांस माझें उत्तर आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत ८ ऑगस्टला पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटून डझनाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. तींत माणसें अधिक बसलीं होतीं. बसणारांस दोष देणारांना मी एवढेंच विचारतों कीं, घरांत छातीपर्यंत पाणी चढलें असतां आणि कडेवर मूल असतां, या होडीची शक्ति किती हा प्रश्न कोण विचारील? तो प्रश्न पुराच्या दिवशीं विचारावयाचा नसतोच. त्याचें उत्तर उन्हाळ्यांत, कोरड्या जमिनीवर, शांतपणें काढून होडीवर लिहून ठेवावयाचें असतें.

आणि होडीची शक्ति कायम राहत नाहीं, ही गोष्ट मला माझ्याच होडीनें शिकविली. तिच्या तळाखालीं, उलटली तरी बुडूं नये म्हणून, फोम भरलेला होता. तो काढून किराणा दुकानाच्या कांट्यावर घातला, तर ६८ किलो भरला. चार महिने वाळल्यावर तोच ११ किलो भरला. म्हणजे ५७ किलो पाणी! एक माणूस त्या होडींत कायमचा बसलेला होता. दिसत नव्हता इतकेंच. शिवाय ज्या फोमनें तिला तरंगत ठेवावयाचें, तोच तिला खालीं ओढीत होता. बाहेरून पाहिलें तर निळा कांठ, पांढरें पोट, नाळेवर पिवळा पट्टा.

पुराच्या गांवाची होडी हीं नवखीं दुखणीं अधिकच पोसते. मासेमाराची होडी रोज पाण्यांत जाते. तिचें कांहीं बिघडलें तर तें दुसऱ्या दिवशीं समजतें. पुराची होडी वर्षाचे अकरा महिने कोठें तरी पालथी किंवा उताणी पडलेली असते. उताणी असली तर पहिल्या वळिवाचें पाणी तींत सांचतें, आणि तिला बोलावणें येतें तें एका रात्रींत. अशा होडीची देखभाल म्हणजे मे महिन्यांत रंगाचा एक हात, अशी समजूत असेल तर ती समजूत माणसें मारणारी आहे, असें मी स्पष्ट म्हणतों. जुन्या काळीं पुरांत गुळाची काहील सोडून माणसें आणणारीं गांवें या नदीनें पाहिलीं आहेत. काहील ही नाव नव्हे, तिला सुकाणू नाहीं, ती गरगरा फिरते. परंतु काहिलीला कोणी रंग देत नाहीं, म्हणून तिला भोंक पडलें तर तें दिसतें.

तेव्हां केवळ टीका करून न थांबतां, ज्या ज्या गांवीं होडी आहे त्या गांवांस माझी चार गोष्टींची विनंति आहे. एक: दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं होडी तोलावी, आणि वजन तिच्यावरच आंतल्या बाजूस तारखेसह लिहावें. वजन वाढलें तर पाणी मुरलें. त्याला दुसरा पुरावा नको. दोन: तिला नाणें ठोकून सर्व अंगभर ऐकावी, आणि बसका आवाज जेथें येईल तेथें उघडावी. तीन: भर उन्हांत, कांठालगतच्या संथ पाण्यांत, तिला काठोकाठ पाण्यानें भरावी आणि ती तरंगते कीं नाहीं तें पाहावें; जी भरली असतां बुडते ती पुरांत पाठवूं नये. चार: किती माणसें बसवावयाचीं तो आंकडा नाळेवर, पिवळ्या पट्ट्याच्या जागीं, हातभर अक्षरांत लिहावा. रंगाला माझा विरोध नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल. या चार गोष्टी झाल्यावर उरलेल्या रंगानें खुशाल वेलबुट्टी काढावी.

याला खर्च किती, असें विचारतील. कांटा गांवांत आहे, नाणें खिशांत आहे, पाणी नदींत आहे. उघडल्यावर जें निघेल त्याच्या दुरुस्तीस पैसा लागेल, हें खरें. परंतु तो पैसा न लागावा म्हणून न उघडणें ही काटकसर नव्हे. ती उधारी आहे, आणि ती फेडावयास गांवांतलें कोणी तरी, बहुधा पोहतां न येणारें, पाठविलें जातें.

माझ्या होडीची हकीकत विचारणारांसाठीं शेवटीं एवढेंच. मागची फळी नवी झाली आहे. दुसऱ्या वर्षीं फाल्गुनांत बसविलेले थर मीं त्याच खिळ्यानें चार ठिकाणीं उचलून पाहिले, आणि ते उचलले गेले नाहींत. तळाखालचा फोम बदलला आहे. वृद्ध भोयानें येऊन ती पुन्हां नाण्यानें ठोकून ऐकली. उजव्या कुशीला, कांठापासून वीतभर खालीं, एके जागीं तो थांबला, दोनदां ठोकलें, आणि कांहीं न बोलतां खडूनें एक वर्तुळ काढून निघून गेला. तें वर्तुळ उघडावयाचें काम आतां चालू आहे. तिच्या अंगावर जागोजाग राळेचे पिवळट, ओबडधोबड डाग दिसतात, आणि रस्त्यानें जाणारीं माणसें "गुरुजी, रंग केव्हां?" असें विचारतात. माझे विद्वान् स्नेहीहि विचारतात. त्यांस मी खडूचें वर्तुळ दाखवितों.